मशीन पाणी दाखवते की आपला काळा दगड?



होळी झाली. हरभरा घरात आला, विहिरी खाली चालल्या आणि गावोगाव दोन गाड्या फिरायला लागल्या. एक बोअरची. दुसरी तिच्या दोन दिवस आधी येणारी, जिच्यात एक पेटी, वायरचे दोन-चार गुंडाळे आणि एक टॅब असतो. नारळवाला पाणाड्या अजून आहे, पण पोरं आता त्याला हसतात. मशीनवाल्याला कुणी हसत नाही, कारण त्याच्याकडे रंगीत कागद निघतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या शिवारात असाच एक सर्व्हे झाला. जमिनीवर तार गोल पसरली, पेटी सुरू केली, अर्ध्या तासात कागद हातात. कागदावर अडीचशे फुटांखाली निळा पट्टा. त्या पट्ट्यावर दोन बोअर पाडले, दोन्हीतून नुसता धुराळा निघाला. सर्व्हेवाला कोण, कुठला, ते इथे लिहीत नाही. त्याने जाणूनबुजून फसवलं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या पेटीने काहीतरी नक्की मोजलं होतं. ते काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि आपल्या जिल्ह्यात हे विचारायलाच पायजे. आपला काळा दगड आणि त्याच्यापासून झालेली माती चुंबकी आहे. तारेच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर चालणारी मशीन हे चुंबकत्व आपल्या उत्तरात मिसळून घेते. सर्व्हेवाले ही गोष्ट सांगत नाहीत. बऱ्याच जणांना ती ठाऊकच नसते.

खरं-खोटं घरीच पाहा. जुन्या स्पीकरचा गोल चुंबक घ्या, पन्नीत गुंडाळा आणि नाल्याच्या वळणावर जी काळी बारीक रेती साचते तिच्यातून फिरवा. चुंबकाला मिशा फुटतात. पन्नी काढली की काळे कण खाली पडतात. हे कण मॅग्नेटाइटच्या जातीचे, म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर पसरले, ते थंड होताना हे कण त्यात तयार झाले. वालुकाश्माच्या किंवा चुनखडीच्या मुलखातला दगड आणि आपला काळा दगड यांच्या चुंबकी गुणात शेकडो पटींचा फरक पडतो. गंगेकाठच्या किंवा पंजाबच्या गाळात बसवलेलं मशीन आपल्या माळावर आणलं की ते परक्या गावात आलेल्या माणसासारखं होतं. त्याला इथली बोली कळत नाही.

थंड होताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशाही धरून ठेवली. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या तिघांनी दख्खनच्या दगडातली ही दिशा मोजून दाखवलं की हा लाव्हा पडला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. बऱ्याच थरांतली दिशा आजच्या उलटी आहे, कारण त्या काळी पृथ्वीचे चुंबकी ध्रुवच उलटे होते. आपण ज्या धोंड्यावर बसून भाकर खातो त्याच्यात एवढं सगळं लिहून ठेवलेलं आहे.

लोणारला गेलात तर मोठ्या मारुतीच्या आडव्या मूर्तीचा दगड चुंबकी आहे, तिथे होकायंत्राची सुई फिरते, असं तुम्हाला सांगतील. तो उल्केचा तुकडा आहे म्हणणारेही भेटतात. श्रद्धेला माझा हात लावायचा नाही. पण सुई फिरण्यासाठी उल्का लागत नाही हे लक्षात ठेवा. आपल्या बांधावरच्या कितीतरी धोंड्यांजवळ सुई हलते. माळावरच्या उंच टेकाडावर, जिथे कधीतरी वीज पडून गेली, तिथला दगड तर इतका चुंबकी होतो की दोन पावलांत सुई दिशा बदलते. मोबाईलमध्ये होकायंत्राचं फुकट अॅप टाकून बघा. मोकळ्या रानात, मोटारसायकल आणि तारेच्या कुंपणापासून लांब, आकडा चाळीस ते पंचेचाळीस मायक्रोटेस्लाच्या दरम्यान दिसतो. तोच मोबाईल काळ्या धोंड्याला लावला की आकडा वर-खाली होतो. पाणी शोधतो म्हणणारे काही अॅप हाच सेन्सर वापरतात. पाण्याला चुंबकत्व जवळजवळ नाहीच. तेव्हा तो आकडा हलला म्हणजे धोंडा सापडला, किंवा तुमच्या खिशातली चावी.

या दगडाचा धसका शास्त्रज्ञांनीही घेतला होता, आणि तो किस्सा आपल्याच राज्यातला आहे. मुंबईत कुलाब्याला इंग्रजांच्या काळात पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरलं. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने चालल्या, म्हणजे जुना आकडा नव्याशी जुळवता यावा. आता गंमत बघा. अलिबागलाही जमीन काळ्या दगडाचीच. फुकटचा दगड पायाखाली असताना इमारतीसाठी पोरबंदरचा फिकट दगड आणला, तोही चुंबकत्व नाही हे तपासून. सव्वाशे वर्षांपूर्वी मोजणाऱ्या माणसांना कळत होतं की या दगडाच्या भिंतीत बसून चुंबकत्व नीट मोजता येणार नाही. आपण त्याच दगडावर पेटी ठेवतो आणि निळा पट्टा दिसला की बोअरवाल्याला फोन लावतो.

आता मशीन आतून काय करते ते सांगतो. एक जात अशी की जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं पसरतात, त्यातून वीज सोडतात आणि एकदम बंद करतात. वीज बंद झाली की जमिनीत भोवरे उठतात, विजेचे भोवरे. तळ्यात दगड टाकल्यावर लाटा जशा पसरत लांब जातात तसे हे भोवरे खाली-खाली जात विरतात. कोरड्या कातळात लवकर विरतात, ओल्या किंवा चिकण मातीच्या थरात रेंगाळतात. दुसरी कॉइल हे विरणं ऐकते. जितका उशिरापर्यंत आवाज येतो तितकं खाली काहीतरी वीज वाहून नेणारं आहे, असा हिशेब मांडतात. कल्पना चांगली आहे, जगभर वापरतात.

आपल्याकडे काय होतं? मातीत मॅग्नेटाइटचे आणि त्याच्याच भावकीतल्या मॅगहेमाइटचे कण असतात. त्यातले काही इतके बारीक, वीस-तीस नॅनोमीटरच्या आसपास, की त्यांना स्वतःचं चुंबकत्व एका दिशेने धरून ठेवता येत नाही. मशीनची वीज चालू असताना ते एका बाजूला तोंड करतात. वीज बंद झाली की परत मोकळे होतात, पण सगळे एकदम नाही. कुणी लगेच, कुणी जरा वेळाने, कुणी आणखी उशिराने. शाळा सुटल्यावर काही पोरं धावत निघतात, काही रेंगाळतात, तसं. त्यांचं हे रेंगाळत परतणं ऐकणाऱ्या कॉइलला स्पष्ट ऐकू येतं. ती समजते, खाली कुठेतरी भोवरे अजून फिरतायत.

कृषी पदवीधर मित्रांसाठी जरा आकड्यात. एकसारख्या जमिनीत उशिराच्या वेळेला सिग्नल वेळेच्या अडीच घाताने उतरतो, म्हणजे वेळ दुप्पट झाली की सिग्नल साडेपाच पटींहून जास्त कमी. या बारीक चुंबकी कणांचा सिग्नल मात्र वेळेच्या साध्या व्यस्त प्रमाणात उतरतो. वेळ दुप्पट, सिग्नल निम्मा. सुरुवातीला जमिनीचा आवाज मोठा असतो म्हणून कण ऐकू येत नाहीत. पण शर्यत जशी लांबते तसे हे संथ गडी पुढे निघतात आणि शेवटच्या भागात तेच ऐकू येतात. शेवटचा भाग म्हणजे कागदावरचा सगळ्यात खोल भाग. वरच्या फूटभर मातीतल्या कणांचा आवाज कॉम्प्युटर अडीचशे फुटांखाली नेऊन निळ्या रंगात रंगवतो.

हा प्रकार नवा नाही. ऑस्ट्रेलियात लाल लोहयुक्त मातीवर खनिज शोधताना तिथल्या शास्त्रज्ञांना याचा चांगलाच त्रास झाला आणि बुसेली नावाच्या संशोधकाने १९८२ मध्ये त्यावर लिहून उपायही सांगितला. वीज सोडणाऱ्या तारेपासून ऐकणारी कॉइल काही मीटर लांब ठेवा. कारण ही खोटी हाक तारेच्या अगदी जवळच्या मातीतून येते, अंतर वाढलं की झपाट्याने कमी होते. खालचं खरं उत्तर तेवढं कमी होत नाही. दोन्ही पद्धतींनी रीडिंग घ्या. आकडे जुळले तर ठीक, नाही जुळले तर वरची माती बोलतेय. उपाय बिनपैशाचा आहे. पण मी पाहिलेल्या सर्व्हेंमध्ये दोन्ही तारा एकाच ठिकाणी, एकावर एक पसरलेल्या. पसरायला सोपं पडतं ना.

हवाई बेटांमध्ये काहोओलावे नावाचं बेट आहे. तेही आपल्यासारख्याच काळ्या ज्वालामुखी दगडाचं. अमेरिकी नौदलाने ते कित्येक दशकं बाँब टाकण्याच्या सरावाला वापरलं आणि नंतर न फुटलेले बाँब शोधून काढायची वेळ आली. पैशाची कमी नाही, मशीन उत्तमातली. तरी ढीगभर ठिकाणी मशीन वाजलं, खणलं आणि खाली निघाली नुसती माती. त्यांचं हे झालं तर आपल्या तालुक्याला येणाऱ्या भाड्याच्या पेटीचं काय सांगावं.

सरकारी पातळीवर कॉइलचं काम आपल्या काळ्या दगडावर झालेलं आहे, हेही सांगितलं पायजे. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची एनजीआरआय यांनी देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरखाली कॉइल लटकवून भूजलाचा प्रायोगिक सर्व्हे केला. त्यात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा नदीचं पाणलोट होतं. तिथे कॉइल जमिनीपासून साधारण तीस मीटर उंच फिरते, त्यामुळे वरच्या मातीतल्या कणांची कुजबुज बरीचशी विरून जाते. शिवाय मागून बोअर, जमिनीवरची मोजणी आणि भूगर्भशास्त्रज्ञ यांची जोड असते. तेच तंत्र जमिनीला टेकवून, अर्ध्या तासात, एकट्या माणसाने केलं की ते तेच राहत नाही. "हेलिकॉप्टरवालीच टेक्नॉलॉजी आहे साहेब" असं कुणी म्हणालं तर हेलिकॉप्टर कुठंय ते विचारा.

आता आपल्या जिल्ह्यातली गोम. घाटावर आणि घाटाखाली हिशेब उलटा आहे, आणि एकच सर्व्हेवाला दोन्हीकडे एकाच सेटिंगवर फिरतो.

घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजाकडे, माती उथळ, खाली मुरूम, त्याखाली कातळ. उन्हाळ्यात हे सगळं विजेच्या दृष्टीने कोरडं, पण चुंबकी भरपूर. खऱ्या भोवऱ्यांचा आवाज बारीक आणि कणांचा आवाज मोठा. इथे खोट्या निळ्या पट्ट्याची भीती सगळ्यात जास्त. त्यातही बरड, लालसर, निचऱ्याची जमीन जास्त फसवी. काळ्या भारी रानात पावसाळ्यात पाणी साचतं, हवा कोंडते आणि असे बारीक कण काही अंशी विरघळून जातात. लाल निचऱ्याच्या जमिनीत ते टिकतात, नवे तयारही होतात. म्हणजे एकाच वावरात वरच्या टोकाला मशीन एक सांगेल, खालच्या टोकाला दुसरं, आणि पाण्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरकडे पूर्णेचा गाळ आहे. हाही काळ्या दगडाचाच गाळ, चुंबकाला मिशा इथेही फुटतात. पण खारपाण पट्ट्यात मातीतलं आणि खालच्या पाण्यातलं मीठ वीज इतकी वाहून नेतं की चुंबकत्वाचा आवाज त्यात बुडून जातो. इथे निळा पट्टा बहुतेक खराच असतो. पाणी असतंच. ते प्यायला सोडा, संत्र्याला घातलं तरी बाग जाईल. चांगल्या पाण्याला आणि चिकणीला जो रंग, त्याच्यापेक्षा गडद रंग खाऱ्या पाण्याला. गडद निळा पाहून खूश होणारे शेतकरी मी शेगावकडे पाहिलेत. तिथल्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. बाहेरून जमीन घेतलेल्यांना लागतं.

पाण्याचं झालं. आता दुसरी मशीन, जिच्याबद्दल कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनी वाचावं. ईएम-३८ किंवा तिच्या जातीची हातात धरून वावरातून फिरवायची दांडी. दोन कॉइलमध्ये एक मीटर अंतर, उभी धरली तर साधारण दीड मीटरपर्यंतची, आडवी धरली तर पाऊण मीटरपर्यंतची जमीन वाचते आणि क्षारतेचा, ओलाव्याचा, चिकणमातीचा अंदाज देते. स्मार्ट शेतीच्या नावाखाली अशा दांड्या आता ट्रॅक्टरमागे बांधून येतील आणि "तुमच्या वावराचा नकाशा" विकतील. मी याच्या विरोधात नाही. चोपण जमीन कुठून कुठे सरकली, जिप्सम कुठे टाकायचं, हे जर नकाशावर दिसलं तर खर्च वाचेल.

पण ही दांडी दोन आकडे देते. इन-फेज आणि क्वाड्रेचर. क्षारता, ओल, चिकणमाती यांचं उत्तर मुख्यतः क्वाड्रेचरमध्ये असतं. चुंबकत्व मुख्यतः इन-फेजमध्ये. बरेच ऑपरेटर इन-फेजचा आकडा बघतच नाहीत, काही तर साठवतही नाहीत. आपल्याकडे तोच आकडा आधी बघायला हवा, कारण तो मोठा असेल तर त्यातला थोडा भाग गळून क्वाड्रेचरमध्ये उतरतो. वर सांगितलेले रेंगाळणारे कण थेट क्वाड्रेचरमध्येही भर घालतात. घाटावरच्या हलक्या जमिनीत खरी क्षारता मुळात एवढीशी, तिच्यात ही भेसळ झाली की नकाशावर जे पट्टे दिसतात ते क्षाराचे की मुरुमाचे, सांगता येत नाही. आकडा शून्याखाली गेला तर सरळ समजावं की दांडी चुकीची शून्य केलीय किंवा जवळ लोखंड आहे. माती उणे वीज वाहून नेऊ शकत नाही. आणि खारपाण पट्ट्यात उलटं, क्षार फार झाले की या दांडीचं सरळ सूत्र मोडतं आणि ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. जिथे सगळ्यात जास्त धोका तिथेच कमी.

यावर औषध एकच, इथलीच माती. नकाशा काढला की त्यातल्या दहा-पंधरा ठिकाणी एक फूट आणि दोन फूट खोलीचे नमुने काढा, प्रयोगशाळेत ईसी बघा आणि आपल्या वावराचं सूत्र आपण बसवा. करनालला किंवा पंजाबच्या गाळात बसवलेलं सूत्र इथे लावू नका. ओलावा किती होता ते तारखेसकट लिहा. दांडी जमिनीपासून त्याच उंचीवर धरा, सकाळची आणि दुपारची रीडिंग एका रेषेवर परत घेऊन जुळतात का बघा. हे न करता नकाशा विकणारा कितीही इंग्रजी बोलत असला तरी त्याला चहा पाजा आणि पाठवा.

लोखंडावरून एक आठवलं. आपल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, त्यात लोहही असतं. आपल्याकडच्या कितीतरी पत्रिकांवर लोह कमी असं येतं आणि चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं. शेतकरी विचारतो, माती चुंबकाला चिकटते अन् लोह कमी कसं? प्रश्न एकदम रास्त आहे. पत्रिकेतलं लोह म्हणजे पिकाच्या मुळाला उचलता येणारं लोह. मॅग्नेटाइटमधलं लोखंड म्हणजे तिजोरीतला पैसा, चावी पिकाकडे नाही. मशीनला मात्र तीच तिजोरी दिसते.

आणि गुप्तधनवाले. त्यांच्यावर लिहू नये असं वाटतं, पण विषयात बसतं म्हणून लिहितो. जुन्या गढीवर, पांढरीवर मेटल डिटेक्टर वाजलं म्हणून रात्री खड्डे खणणारे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. माती तापली की तिच्यातलं साधं लोह चुंबकी बनतं, हे फ्रान्सच्या ल बोर्न्यने दाखवलं. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या चुली, राख, भट्ट्या. तिथे मशीन वाजणारच. पुरातत्त्ववाले याच गुणाचा उपयोग करून न खणता जुन्या भट्ट्यांची जागा ओळखतात. संग्रामपूर तालुक्यातल्या भोनला पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि तिथे स्तूप निघाला, तेव्हा आपल्या पांढरीखाली काय असतं हे साऱ्यांना कळलं. ते धन आहे, पण खड्डा खणला की नासतं. वीटभट्टी जिथे होती त्या तुकड्यावर पाण्याचं मशीन लावलं तरी तेच होईल.

मग बोअर घ्यायचा असेल तर काय करावं? माझं मत सांगतो. आपल्या कातळात चार सळ्यांची विद्युतरोध पद्धत अजूनही जास्त भरवशाची. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोन सळ्यांवर दाब मोजायचा, अंतर वाढवत खोल-खोल वाचत जायचं. यात कॉइल नाही, म्हणून मातीच्या चुंबकत्वाचा त्रास नाही. कष्टाचं काम आहे, दोन-तीन माणसं लागतात, सळ्या ठोकल्या तिथे उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं. म्हणूनच ती मागे पडली. ती सर्वज्ञ नाही. दोन लाव्हा थरांमधल्या लाल गेरूचा थर किंवा चिकणी तिलाही पाण्यासारखी दिसते. पण निदान एक चूक कमी. दोन खिळे ठोकून जमिनीतली नैसर्गिक वीज मोजणारी मशीनही निघाली आहेत. त्यांना मातीच्या चुंबकत्वाचा त्रास कमी, विजेच्या तारांचा जास्त. डीपीजवळ त्यांचं काही ऐकू नका.

आणि सगळ्याच्या आधी फुकटचा सर्व्हे. आजूबाजूच्या दहा विहिरी आणि बोअर. कुठे किती फुटांवर पाणी लागलं, कोणता थर निघाला, मुरूम किती, गेरू कितीवर, काळा कठीण दगड कुठून सुरू झाला. कातळात पाणी असतं ते भेगांत, वरच्या कुजलेल्या थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. हा सांधा शेजाऱ्याकडे १२० फुटांवर असेल आणि तुमची जमीन त्याच्यापेक्षा १० फूट उंच असेल तर तुमच्याकडे तो साधारण कुठे येईल हे मशीनशिवाय कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय बुलडाण्याला आहे, त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, तिथे जाऊन विचारा. आणि २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे जवळपास दोनशे फूट, किंवा त्याहून जास्त खोल विहिरीला खोल विहीर धरलंय हेही ध्यानात असू द्या. अडीचशे फुटांचा निळा पट्टा विकणारा ही गोष्ट सांगत नाही.

चुंबकत्व म्हणजे नुसती कटकट, असंही कुणी समजू नये. धुळे-नंदुरबारकडे डाईकची, म्हणजे उभ्या भिंतीसारख्या घुसलेल्या दगडांची गर्दी आहे. मातीखाली दडलेली अशी भिंत चुंबकत्व मोजून शोधता येते आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी अडलेलं असू शकतं. तिथे तोच गुण कामाला येतो. माणसाला आपण काय मोजतोय ते माहीत असलं की झालं.

माझी मागणी फार मोठी नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, आपल्या कृषी विज्ञान केंद्रांत आणि माती परीक्षण प्रयोगशाळांत दरवर्षी आपल्या जिल्ह्याचे हजारो नमुने येतात, तपासून फेकले जातात. त्यातल्या प्रत्येक मंडळातले काही नमुने चुंबकी तपासणीला लावा. मातीला काही होत नाही, रसायन लागत नाही, एका नमुन्याला काही मिनिटं. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर मोजलं तर ते रेंगाळणारे बारीक कण किती हेही कळतं, कारण ते दोन्हीवर वेगळा आकडा देतात. स्पीकरच्या चुंबकाला हे कळत नाही, तो फक्त मोठे कण उचलतो. आपल्याच राज्यात नवी मुंबईला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, अलिबागच्या वेधशाळेचा वारसा तिच्याकडेच आहे. ज्ञान परदेशातून आणायचं नाही. एक साधा तालुकानिहाय नकाशा झाला की कोणत्या गावात कॉइलचं मशीन चालेल आणि कुठे नाही, हे सर्व्हेच्या आधी सांगता येईल. कुणी म्हणेल, असे सर्व्हे होतात तरी किती? एका कोरड्या बोअरचा खर्च कर्ज काढून केला जातो, आणि ते कर्ज सर्व्हेवाल्याच्या नावावर नसतं. तेव्हा किती होतात हा हिशेब मला पटत नाही.

तोपर्यंत मशीनवाला दारात आला तर पैसे द्यायच्या आधी एवढं करा. त्याला तुमच्या चालू विहिरीजवळ आणि गावातल्या एखाद्या कोरड्या बोअरजवळ आधी मशीन लावायला सांगा, कोणतं कोणतं ते न सांगता. दोन्हीकडे सारखाच निळा निघाला तर तिथेच थांबा. कॉइलचं मशीन असेल तर ऐकणारी कॉइल बाजूला सरकवून दुसरं रीडिंग घ्यायला लावा. मोटार, केसिंग, तारेचं कुंपण, पाइपलाइन यांपासून लांब रेषा धरा. आणि रंगीत कागदासोबत कच्चे आकडे मागा, फाइलमध्ये, तारीख, जागा आणि कॉइलचं माप लिहून. ते आकडे तुमचे आहेत, पैसे तुम्ही दिलेत. आकडे द्यायला जो कुरकुरतो त्याच्या निळ्या पट्ट्यावर मी तरी बोअर पाडणार नाही.